गाडी ओढेल हो, पण सावरेल का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मी, नवरा आणि दोन मुलं. मोठी 11 वर्षांची, धाकटा 8 वर्षांचा. उन्हाळ्यात सासूबाई भारतातून दोन महिने राहायला येतात. मागच्या सुट्ट्या तंबूत काढल्या आणि पावसानं पार दमवलं, म्हणून आता कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरवलंय. गाडी मीच चालवते, नवऱ्याला लांबचं ड्रायव्हिंग जमत नाही. लायसन्स इथलंच आहे, 2014 मध्ये टेस्ट पास झाले. गाडी पेट्रोल हायब्रिड एसयूव्ही. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, वजन 1,530 किलो लिहिलंय, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर 2,050 आणि 3,450 असे आकडे आहेत, टोबारवर, म्हणजे मागे ओढायच्या दांडीवर, 75 किलो. एका डीलरकडे सहा जणांची सेकंडहँड कॅरव्हॅन आम्हाला आवडली. तिचं रिकामं वजन 1,310 आणि भरलेलं 1,480 किलो. डीलर म्हणतो, 'तुमच्या लायसन्सवर साडेतीन टन ओढता येतं, गाडीत ताकद भरपूर आहे, 85 टक्के वगैरे जुन्या लोकांचं खूळ आहे.' नवऱ्याला ते पटलंय. रविवारपर्यंत डिपॉझिट भरायचंय आणि माझी झोप उडालीय. काय करू?

उत्तर :

ताई, डिपॉझिट भरू नका. ती कॅरव्हॅन कितीही देखणी असली तरी तुमच्या गाडीची नाही. तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. डीलरनं ते एकदा शेजारी शेजारी मांडले असते तर त्यालाही दिसलं असतं.

आधी त्याचं खरं काय ते मान्य करू. लायसन्सबद्दल तो बरोबर बोलला. 1 जानेवारी 1997 पासून पुढे कारची टेस्ट पास झालेल्यांवर पूर्वी बंधन होतं : 750 किलोपेक्षा जड ट्रेलर ओढायचा तर गाडी आणि ट्रेलर यांची कमाल वजनं मिळून 3,500 किलोच्या आत हवीत, नाहीतर वेगळी परीक्षा द्या. 16 डिसेंबर 2021 पासून ते बंधन गेलं आणि आता 3,500 किलो कमाल वजनाचा ट्रेलर साध्या लायसन्सवर ओढता येतो. गंमत अशी, की तुमचे 2,050 आणि हिचे 1,480 मिळून 3,530 होतात. म्हणजे त्या तारखेच्या आधी ही जोडी तुमच्या लायसन्सवर 30 किलोंनी बेकायदा ठरली असती. नियम सैल झाला आणि तेव्हापासून 'साडेतीन टन' हे अनेकांच्या तोंडी बसलं. पण तो परवाना तुम्हाला आहे. तुमच्या गाडीला तो कुणी दिलेला नाही.

गाडीचा परवाना दाराच्या चौकटीवरच्या त्या पट्टीवर असतो. तिच्यावर चार आकडे एकाखाली एक छापलेले दिसतील. पहिला, तुमचा 2,050, म्हणजे माणसं, सामान, इंधन सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरा, 3,450, म्हणजे गाडी आणि मागचं जे काही असेल ते मिळून जास्तीत जास्त. याला ट्रेन वेट म्हणतात. खालचे दोन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे (चाकांच्या आसांचे). (काही गाड्यांवर हा दुसरा आकडाच नसतो. तसं असेल तर त्या गाडीनं काही ओढायचं नाही, असं समजायचं.) दुसऱ्यातून पहिला वजा करा : 1,400. भरलेल्या गाडीमागे एवढंच वजन चालतं. लॉगबुकात ओ-वन नावाचा रकाना असतो, त्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा लिहिलेली असते. तीही बघून ठेवा. दोन आकडे वेगळे निघाले तर लहान तो आपला.

कॅरव्हॅन भरल्यावर 1,480. मर्यादा 1,400. खरं तर विषय इथंच संपतो.

पण रविवारी तुम्ही नाही म्हणालात की डीलरकडून दोन गोष्टी ऐकू येतील, त्या आधीच सांगून ठेवतो. पहिली : 'मग पूर्ण भरू नका.' भरलेल्या वजनाला इथं एमटीपीएलएम म्हणतात आणि रिकाम्या, म्हणजे कारखान्यातून निघतानाच्या, वजनाला मायरो. कायद्यात रस्त्यावरचं प्रत्यक्ष वजन बघतात, त्यामुळे तो तत्त्वतः चूक नाही. 1,400 मधून 1,310 गेले, उरले 90 किलो. आता त्यात काय काय बसवायचं बघा. बॅटरी वीसेक किलोची. कॅरव्हॅन जागेवर हलवायला चाकांना मोटर मूव्हर बसवलेला असेल तर तीस किलोच्या वर. ऑनिंग (कॅरव्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू), तिचे खांब आणि खुंट्या मिळून आणखी वीस-तीस. इथंच 90 संपत आले आणि अजून एक पातेलं, एक पांघरूण, मुलांचा एक बूट आत आलेला नाही. यातलं काही मायरोत आधीच धरलेलं असू शकतं, ते त्याला विचारता येईल. पण सेकंडहँड कॅरव्हॅनमध्ये आधीच्या मालकानं काय काय जोडलंय हे कागदावर क्वचितच असतं. दुसरी गोष्ट : 'आम्ही प्लेट बदलून 1,400 ची करून देतो.' असं करता येतं आणि ते कायदेशीरही असतं. पण त्यानं कॅरव्हॅन हलकी होत नाही. तुमचे 90 किलो 90 च राहतात, फक्त ते आता स्टिकरवर छापलेले असतात.

आता त्या 85 टक्क्यांच्या खुळाकडे येऊ, कारण ही कॅरव्हॅन सोडलीत तरी पुढच्या डीलरकडे हाच वाद होणार आहे. कॅरव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या कर्बवेटच्या, म्हणजे तिच्या रिकाम्या वजनाच्या, 85 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, हा सल्ला नॅशनल कॅरव्हॅन कौन्सिल आणि इथले दोन मोठे कॅरव्हॅन क्लब वर्षानुवर्षं देत आलेत. हाताशी अनुभव असलेल्यांनी फार तर 100 टक्क्यांपर्यंत जावं, त्यापुढे कुणीच नाही. हा कायदा नाही आणि यासाठी पोलिस तुम्हाला थांबवणार नाहीत. डीलर म्हणतो तसं 'जुन्या लोकांचं' हे मात्र खरं आहे. जुन्या लोकांनी कॅरव्हॅन रस्त्यात आडव्या झालेल्या पाहिल्या आहेत.

गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत आणि या 85 मध्ये फरक का, हे समजलं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. उत्पादक ती मर्यादा ठरवतो तेव्हा युरोपीय नियमांनुसार भरलेली जोडी 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघाली पाहिजे. म्हणजे परीक्षा इंजिनाची, गिअरबॉक्सची, क्लचची. 'ताकद भरपूर आहे' या वाक्याचं उत्तर या चढावर मिळतं. पण मोटरवेवर ताशी 60 मैलांच्या वेगात, आडवा वारा सुटलेला असताना मागचं घर डावी-उजवीकडे हलायला लागलं तर पुढची गाडी त्याला ताब्यात ठेवेल का, हे त्या चढावर कळत नाही. तिथं अश्वशक्ती कामाला येत नाही. तिथं गाडी स्वतः किती जड आहे, तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, किती लांब आहे, टोबॉल (टोबारच्या टोकाचा गोळा) मागच्या चाकांपासून किती लांब लोंबतोय, हे बघितलं जातं. माझ्या मते कॅरव्हॅन निवडताना लोक सर्वांत जास्त इथं फसतात : गाडी ओढते का, हे तपासतात. ओढते तर जवळजवळ प्रत्येक गाडी.

तुमचं गणित मांडू. 1,530 चे 85 टक्के 1,300. पण थांबा, लॉगबुकातला तो आकडा बहुधा 'जी' रकान्यातला असणार, आणि त्यात 75 किलोचा ड्रायव्हर आणि 90 टक्के भरलेली टाकी धरलेली असते. कर्बवेट ड्रायव्हरशिवाय मोजायची रीतही इथं आहे. तसं मोजलं तर गाडी 1,455 ची होते आणि 85 टक्के म्हणजे 1,237. कोणतं खरं, यावर कॅरव्हॅनवाले तासन् तास वाद घालतात. आपण वादात न पडता दोन्हींच्या मधली जागा घेऊ. तुम्हाला 1,200 ते 1,300 किलो एमटीपीएलएमची कॅरव्हॅन हवी, आणि पहिलीच वेळ म्हणून 1,250 च्या आसपास मिळाली तर उत्तम. तुम्ही पाहिलेली कॅरव्हॅन या हिशेबात 97 टक्के येते; कडक पद्धतीनं मोजली तर तुमच्या गाडीपेक्षाच जड आहे.

ती डोलायला लागते कशी, तेही सांगतो. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर कॅरव्हॅन ओढताना सर्वांत उजव्या लेनमध्ये जायला बंदी आहे आणि वेगमर्यादा 60 मैल. मोठ्या लॉऱ्यांना 56 मैलांचा लिमिटर बसवलेला असतो. म्हणजे तुम्ही लॉरीला ओलांडायला निघालात की चार मैलांच्या फरकानं, अगदी सावकाश, तिच्या कडेकडेनं जात राहता. लॉरीच्या नाकापुढची हवा बाहेर ढकलते, अंगालगतची आत ओढते. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची मोठी सपाट भिंत, तिला हा धक्का गाडीपेक्षा कितीतरी जास्त बसतो. एक झोका जातो. जोडी जुळलेली असेल तर दुसरा झोका पहिल्यापेक्षा लहान असतो, तिसरा जाणवतही नाही. जुळलेली नसेल, वेग जास्त असेल किंवा उतार असेल, तर दुसरा मोठा असतो आणि तिसरा त्याहून मोठा. इंग्रज याला 'स्नेकिंग' म्हणतात. प्रत्येक जोडीला एक वेग असतो, ज्याच्या वर झोके आपोआप विरत नाहीत. कॅरव्हॅन हलकी आणि नीट भरलेली असेल तर तो वेग 60 च्या बराच वर राहतो. जड आणि वाईट भरलेली असेल तर तो 60 च्या खाली येतो, आणि तो कुठं आहे हे गाडीतल्या कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

तसं कधी झालंच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. जोरात ब्रेक नाही, उलट दिशेला स्टिअरिंग फिरवणं तर नाहीच. हायवे कोडच्या 98 व्या नियमातही वेग हलकेच कमी करायलाच सांगितलंय. हे वाचून ठेवायचं ज्ञान आहे, वापरायची वेळ येऊ नये म्हणून आपण वजनाची एवढी उठाठेव करतोय.

तुमच्या पत्रातला 75 किलोचा आकडा तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण माझी नजर आधी त्यावरच गेली. कॅरव्हॅनचं नाक टोबॉलवर जेवढा भार टाकतं त्याला नोजवेट म्हणतात. बैलगाडी मागं जास्त भरली की उलार होते, जू वर उचललं जातं. कॅरव्हॅनचंही तसंच, फक्त उलार कॅरव्हॅन 60 मैलांच्या वेगात शेपटी हलवायला लागते. म्हणून नाक थोडं जड हवं : प्रत्यक्ष भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के. आता 1,480 च्या कॅरव्हॅनला हा भार 74 ते 104 किलो हवा आणि तुमचा टोबार देतो 75. म्हणजे कायदा पाळलात तर कॅरव्हॅन कायम उलार व्हायच्या काठावर, आणि तिला स्थिर केलंत तर टोबारवर जादा भार. 1,250 ला 62 ते 87 लागतात, तिथं 70-75 वर आरामात बसता येतं. मर्यादा मोजताना गाडीची, टोबारची आणि कॅरव्हॅनच्या हिचची (टोबॉलवर बसणाऱ्या तिच्या जोडाची) अशा तिन्ही बघायच्या आणि सर्वांत लहान धरायची. मोजायला नोजवेट गेज मिळतो, स्वस्त असतो, आणि पहिल्या खरेदीत तो असायलाच हवा.

भरण्याचंही एक शास्त्र आहे. जड ते खाली आणि ॲक्सलच्या वर, हलकं ते कपाटांत. टोकांना काही जड नको, कारण झोक्याच्या हिशेबात अंतराचा वर्ग येतो : ॲक्सलपासून 1 मीटरवर ठेवलेली 20 किलोची वस्तू 3 मीटरवर नेलीत तर झोक्याला तिचं बळ तिप्पट नव्हे, नऊपट मिळतं. त्यामुळे मागच्या पलंगाखाली ऑनिंग कोंबणारा आणि नाक हलकं झालं म्हणून पुढच्या लॉकरमध्ये दगडी कोळसा भरणारा माणूस गेजवर पास होतो आणि रस्त्यावर नापास. ॲक्वारोलसारखा 40 लिटरचा पाण्याचा पिंप भरला की 40 किलो. प्रवासात तो रिकामाच हवा.

डीलर स्टॅबिलायझरचं, म्हणजे डोलणं आवरणाऱ्या यंत्रणेचं, नाव घेईल. घेऊ दे, चांगलीच वस्तू आहे. अल-को किंवा विंटरहॉफचा घर्षणानं टोबॉल पकडून ठेवणारा हिच सेकंडहँड कॅरव्हॅनवरही बहुधा असतो. अल-कोची एटीसी नावाची यंत्रणा तर डोलणं जाणवलं की कॅरव्हॅनचे ब्रेक स्वतः लावते. हे सगळं असलं तर चांगलंच. पण जुळलेल्या जोडीला जपणं हे त्यांचं काम. न जुळलेली जोडी ते जुळवून देत नाहीत. एक बारीक गोष्ट, जी विकणारा सांगेलच असं नाही : अल-कोच्या त्या हिचला लांब मानेचा टोबॉल लागतो आणि बॉलवर ग्रीसचा थेंबही चालत नाही. तुमच्या गाडीचा टोबॉल कोणता आहे ते आधी बघा.

आता सहा जणांच्या हट्टाकडे. नवऱ्याचं म्हणणं मला कळतं, घरात पाच माणसं, मग पलंग सहा. पण वर्षातले किती दिवस पाच? सासूबाई दोन महिने येतात, त्यांतले कॅरव्हॅनमध्ये किती जातील? दहा दिवसांसाठी वर्षभर दीड टन ओढायचं हे मला पटत नाही. 1,300 च्या आत चार जणांच्या कॅरव्हॅन मिळतात. तुमच्यासाठी पुढे लाउंज, ज्याचा रात्री डबल बेड होतो, आणि मागे मुलांचे कायमचे बंक (एकावर एक पलंग) असा आराखडा बघा. कायमचा डबल बेड टाळा. तो लांबी आणि वजन दोन्ही खातो. सासूबाई आल्या की त्यांना आतला पलंग द्यायचा आणि मुलांना ऑनिंगच्या आतल्या झोपायच्या कप्प्यात. त्या वयाच्या मुलांना तेच आवडतं, फक्त तसं सांगितलं की नाही म्हणतात. आपणहून सुचू द्या.

सासूबाईंच्या निमित्तानं एक गोष्ट बजावून ठेवतो. 'आईंना मागे आडवं होऊ दे, त्यांची पाठ दुखते' असं कुणीतरी म्हणणार. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही, ते बेकायदा आहे. म्हणजे पाचही जण गाडीतच. तो हिशेब केलाय मी : 2,050 मधून 1,530 गेले, 520 उरले. ड्रायव्हर आधीच धरलाय. नवरा, दोन मुलं, सासूबाई मिळून अंदाजे दोनशे, टोबॉलवरचे 75 तेही गाडीच्याच खात्यात जातात. तरी गाडीत दोन-सव्वादोनशे किलो सामानाला जागा आहे. त्यामुळे ऑनिंग आणि जड डबे गाडीच्या डिकीत ठेवा. कॅरव्हॅन हलकी होते, गाडी जड होते, आणि दोन्ही बाजूंनी तुमचाच फायदा. फक्त मागच्या ॲक्सलचा आकडा विसरू नका.

हायब्रिडबद्दल थोडक्यात. पेट्रोल हायब्रिड ओढते, फक्त लांब चढावर इंजिन ओरडतं आणि इंधन घटाघट पितं. डिझेलवाले हसतील, हसू द्या. पुढची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायचा विचार असेल तर घेण्याआधी तिची पट्टी वाचा : काही इलेक्ट्रिक गाड्यांना ओढायची परवानगीच नसते, आणि ज्यांना असते त्यांची रेंज कॅरव्हॅन लावल्यावर जवळपास निम्मी होते. वजनानं मात्र त्या जड असतात, त्यामुळे 85 टक्क्यांचं गणित त्यांना मानवतं. दोनेक वर्षांत गाडी बदलणारच असाल तर कॅरव्हॅन आजच्या गाडीवर बेता, उद्याच्या नको.

रुंदी हा विसरला जाणारा मुद्दा. कायद्यानं 2.55 मीटरपर्यंत चालते, बहुतेक कॅरव्हॅन सव्वादोन मीटरच्या आसपास असतात आणि अलीकडे आठ फुटीही निघाल्यात. आत छान वाटतं. डेव्हनच्या झुडपांमधल्या एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की वाटत नाही. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असली की आरशांना लावायचे जादा आरसे लागतात. नीट मागचं दिसत नसताना ओढलं तर 1,000 पाउंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 गुण. आणि घरी कुठं ठेवणार? जाहिरातीतली लांबी कधी आतल्या खोलीची असते, नाकापासून शेपटीपर्यंतची शिपिंग लांबी वेगळी विचारावी लागते. नव्या वसाहतींत घराच्या खरेदीखतातच कॅरव्हॅन दारात ठेवायला मनाई असू शकते. ते कागद काढून वाचा, शेजारी ते वाचून बसलेले असतात.

सेकंडहँड घेताना वजन जमल्यावर माझी पहिली भीती ओल. भिंतीतली ओल मीटरनं मोजतात. 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 20 च्या वर गेली तर तिथं काहीतरी मुरतंय. लेखी रिपोर्ट मागा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं; नक्षी कितीही ताजी दिसो, सात वर्षांचा टायर बदलायचाच, पाच झाले तरी बदललेला बरा, कारण कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. 1992 पासूनच्या ब्रिटिश कॅरव्हॅनची क्रिस या नोंदणीत नोंद असते, चोरीची किंवा कर्जातली नाही ना हे तिथं कळतं. खिडक्यांवर कोरलेला नंबर कागदाशी ताडून बघा.

राहिला नवरा. त्यांच्याशी 85 टक्क्यांवरून भांडू नका. तो सल्ला आहे, आणि सल्ल्यावर वाद घालता येतो. त्यांना हातात कागद द्या आणि 3,450 मधून 2,050 वजा करायला सांगा. पट्टीवरच्या आकड्यावर वाद होत नाही. डीलरला इतकंच विचारा, की भरलेल्या वजनात तुमच्या गाडीमागे ही कॅरव्हॅन चालेल, असं तो लिहून देतो का. मग त्याच्याकडेच 1,250 ची कॅरव्हॅन आहे का ते विचारा. असेल तर रविवार वाया जाणार नाही. आणि डिपॉझिट भराल तेव्हा जाहिरातीच्या भरवशावर नको, कॅरव्हॅनच्या दारापाशी लावलेल्या वजनाच्या प्लेटचा फोटो बघून भरा.

घेतल्यावर, पहिल्या सुट्टीच्या आधी, कॅरव्हॅन सुट्टीला भरता तशी पूर्ण भरून जवळच्या वजनकाट्यावर न्या. घरी केलेल्या बेरजा नेहमी कमी निघतात. विमा कंपनीला टोइंगबद्दल कळवा. दोन्ही मोठे क्लब कॅरव्हॅन चालवायचे आणि मागे घ्यायचे कोर्स घेतात. तुम्ही जा, नवऱ्यालाही न्या. चालवणार तुम्ही असलात तरी जोडताना ब्रेकअवे केबल (कॅरव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणारी) लागली का, जॉकी व्हील (नाकाखालचं छोटं चाक) वर घेतलं का, मागचे दिवे लागतात का, हे बघायला दुसरा माणूस लागतोच. आणि पिचवर, म्हणजे साइटवरच्या आपल्या जागेत, कॅरव्हॅन मागे घेताना बाहेर उभं राहून हात करणाऱ्याला डावं-उजवं कुणाचं हे आधी ठरवून घ्या. बहुतेक भांडणं तिथंच होतात.